जहाजावरून बाटलीवर आलेलं एक नाव

गेली काही वर्षं मी पाट्यांचे फोटो जमवते. सगळ्या पाट्यांचे नाही, फक्त ज्यांच्यावर राजेरजवाड्यांच्या पदव्या आहेत त्यांचे. ‘सम्राट’ नावाचं सलून, ‘शहेनशाह’ बिर्याणी, ‘महाराजा’ मंडप डेकोरेटर्स, सहा टेबलांचं ‘हॉटेल एम्परर’. माझे वडील कोल्हापुरात पाट्या रंगवायचे. अक्षरं मी त्यांच्याकडून शिकले आणि आता दुकानांची नावं, लेबलं, पत्रिका हाताने लिहून देण्यावर माझं घर चालतं. राज्यं गेली तरी त्यांच्या पदव्या हॉटेलांच्या दारावर कशा येऊन बसल्या, याचं मला फार कुतूहल आहे, हे ब्लॉगच्या जुन्या वाचकांना ठाऊक असेल.

जानेवारीत रत्नागिरीहून नसीम नावाच्या एका बाईंनी मला एक फोटो पाठवला. गोटीच्या सोड्याची जुनी, जाड हिरवट काचेची बाटली. तिच्या पोटावर इंग्रजी अक्षरांत नाव उठवलेलं: कैसर. खाली त्यांनी लिहिलं होतं, “आमचा जुना सोडा कारखाना मी पुन्हा सुरू करतेय. नाव हेच ठेवणार. लेबल करून द्याल का?”

कैसर म्हणजे रोमच्या बादशहांची सीझर ही पदवी. अरबी-फारसीतून फिरत ती हिंदुस्थानात आली आणि इंग्लंडच्या राणीने इथली सम्राज्ञी झाल्यावर ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून धारण केली. मग त्या नावाची पदकं निघाली, एक मोठं प्रवासी जहाज निघालं. पण रत्नागिरीच्या सोड्यावर ती कशी आली? लेबल तर घरी बसूनही झालं असतं. मी एका संध्याकाळी ‘कैसर’ तीन तऱ्हांनी लिहिलं, त्यातलं सगळ्यात चांगलं जाड कागदावर उतरवलं, कागदाची गुंडाळी केली आणि फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळची रत्नागिरी एसटी पकडली.

कोल्हापूर ते रत्नागिरी हा रस्ता एकदा दिवसाउजेडी कराच. मलकापूरपर्यंत ऊस सोबतीला असतो, मग आंबा घाट सुरू होतो आणि खिडकीतून येणारा वाराच बदलतो. घाट लागण्याआधी गाडी थांबते, तिथे चहा घ्या, पण पोटभर काही खाऊ नका. वळणं बरीच आहेत. साखरप्यानंतर माती लाल होत जाते. पालीपासून पुढे महामार्गाच्या कामाची धूळ होती, त्यामुळे चार तासांचा प्रवास साडेचारावर गेला. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, म्हणून सहलीचा सगळ्यात स्वस्त भाग हाच. शेजारच्या मावशी हातखंब्याला उतरताना माझ्या गुंडाळीकडे बघून म्हणाल्या, “नकाशा काय गो?” त्यांचा तो वर जाऊन हळूच खाली येणारा हेल ऐकला आणि आपण घाट उतरलो याची खात्री पटली.

उतरले ते ‘सार्वभौम लॉज’मध्ये. सार्वभौम म्हणजे साऱ्या पृथ्वीचा राजा. या राजाकडे गरम पाणी सकाळी सहा ते आठ एवढंच. खोली स्वच्छ, भाडं बाराशे, आणि खाली खानावळीत सुरमईची थाळी. काउंटरवरच्या गृहस्थांना मी नावाबद्दल विचारलं.

“आमच्या आधीच्या मालकांनी ठेवलं,” ते म्हणाले. “आम्ही घेतलं तेव्हा पाटी नवीनच होती. काढायची कशाला?”

माझ्या संग्रहातल्या अर्ध्या राजांची गोष्ट एवढीच असते.

नसीमकडे दुसऱ्या दिवशी जायचं होतं, म्हणून दुपारी राजवाड्याकडे गेले. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला गादीवरून उतरवून इथे आणून ठेवलं, आणि पुढे त्याच्यासाठी हा वाडा बांधला. लाल चिऱ्याच्या भिंती, सागवानी लाकूडकाम, अर्धगोल खिडक्या. वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. तो राजा परत गेला नाही. ज्या राजवटीने त्याला इथे बसवलं तिच्याच राणीची पदवी ‘कैसर-ए-हिंद’. मी खिडकीत उभी राहून विचार करत होते की आपल्याला हरवणाऱ्यांच्या राणीची ती पदवी समोरून जाणाऱ्या जहाजावर त्याने कधी वाचली असेल का. याचं उत्तर कुणाकडे असायचं कारण नाही. सोमवारी राजवाडा बंद असतो असं रिक्षावाल्याने सांगितलं, तेवढं लक्षात ठेवा.

तिथून मिरकरवाड्याच्या जेटीवर. मासळीचा वास सहन होत असेल तर संध्याकाळी चारच्या सुमारास जा. बोटी लागलेल्या असतात आणि एकेकीचं नाव निवांत वाचता येतं. मला अर्ध्या तासात एक ‘शहेनशाह’, दोन ‘महाराणी’ आणि एक ‘राजाधिराज’ सापडले. ‘शहेनशाह’चे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, जाळं सांधत बसले होते.

“चाचा, एवढं मोठं नाव का ठेवलंत?” मी विचारलं.

“ठेवलं खरं, पण वायरलेसवर हाक मारायला लय लांब होतं,” ते म्हणाले. “आमी नुसतं ‘शेनशा’ म्हणतो. वारा असला की तेवढंही नाय. नुसतं ‘शा’.”

त्यांना मी कैसर सोड्याबद्दल विचारलं. त्यांचे हात थांबले. “कैसर? व्हता ना. बर्फात ठेवलेला. बंदरावरून आलो की पैला कैसर, मग घर.” आणि मग जरा हसून म्हणाले, “त्या नावाची एक बाई पण हाय राजिवड्यात. मास्तरीण. आमच्या वर्गावर व्हती.”

मला वाटलं, योगायोग. कैसर हे नाव मुसलमान घरांत असतंच.

शनिवारी सकाळी रिक्षाने राजिवड्यात गेले. खाडीच्या काठाची वस्ती, घरं एकमेकांना टेकलेली, बऱ्याच दारांवर आखातात कमावलेल्या पैशांच्या चकचकीत फरशा. नसीम रस्त्यावरच उभी होती. सदतीस-अडतीस वर्षांची, बारीक, भरभर बोलणारी. मस्कतला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तिने बारा वर्षं नोकरी केली होती. वडील वारल्यावर ती परत आली आणि त्यांनी बंद केलेला कारखाना पुन्हा उघडायचं तिने ठरवलं.

“पाण्याची तपासणी, साखरेचं प्रमाण, सगळं मला येतं,” ती म्हणाली. “येत नाय ते फक्त विकायला. म्हणून नाव जुनंच हवं. या गावात कैसर कुणाला सांगायला लागत नाय.” लेबलं सोमवारी छपाईला द्यायची होती. जत्रांच्या हंगामाआधी माल दुकानांत गेला नाही तर अख्खं वर्ष वाया जाणार होतं.

कारखाना म्हणजे घरामागची एक लांब पडवी. मध्ये जुनं यंत्र: लोखंडी पिंजरा, त्याला जोडलेलं मोठं चाक, चाकाला लाकडी मूठ. पिंजऱ्यात बाटल्या बसवायच्या, गॅस सोडायचा आणि चाक फिरवायचं. बाटली उलटी झाली की आतली गोटी तोंडाशी येते आणि गॅसच्या दाबाने रबरी चकतीवर घट्ट बसते. नसीमने एक फेरा करून दाखवला. मीही मूठ धरली. चौथ्या फेऱ्याला खांदा बोलायला लागला.

“आता चल, फुफीला दाखवू,” नसीम म्हणाली. “हे नाव तिचंच हाय. तिला केवढा आनंद होईल.”

फुफी म्हणजे तिच्या वडिलांची मोठी बहीण. तांडेलांनी सांगितलेली मास्तरीण. म्हणजे योगायोग नव्हता तर.

कैसर बाई ऐंशीच्या घरात आहेत. लग्न केलं नाही, चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आणि अजून गल्लीतल्या मुलांच्या वह्या तपासतात. त्यांनी आम्हाला सांदणं दिली, तांदळाची वाफवलेली, नारळाच्या दुधात बुडवलेली. मग मी गुंडाळी उलगडली. तो कागद मला स्वतःला आवडला होता, हे कबूल करते. त्यांनी चष्मा बदलला आणि बराच वेळ बघितलं.

“‘कै’च्या मात्रा सुरेख आल्यात,” त्या म्हणाल्या. “हात चांगला आहे गो तुझा.” मग कागद हलकेच माझ्याकडे सरकवला. “पण बाटलीवर हे नको.”

नसीम हसली. तिला वाटलं, फुफी लाजतेय. “अगो, लोकांना हेच नाव आठवतं.”

“आठवतं ना. मला पण आठवतं. तुला कधी बोलले नाही, कारण तुझ्या अब्बाचं पोट त्याच्यावर होतं. आता बोलते.”

त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या परवानगीने इथे लिहितेय.

त्यांचे वडील सोळाव्या वर्षी बोटीवर गेले. राजिवड्यातले निम्मे पुरुष तेव्हा बोटीवर असायचे. त्यांना मिळालेलं पहिलं जहाज ‘कैसर-ए-हिंद’, आणि काम खाली, कोळशाच्या कोठारात. वरच्या डेकवर ते पाहुण्यासारखेसुद्धा कधी गेले नाहीत. पण जहाज बंदरात लागलं की खालच्या पोरांना दोरीला बांधून बाजूने सोडायचे आणि नावाची अक्षरं रंगवायला लावायचे. अक्षर माणसापेक्षा उंच. त्यांना वाचता येत नव्हतं. एकेका अक्षरावर हात फिरवत ते नाव त्यांनी पाठ केलं. त्यांनी वाचलेला तो पहिला शब्द.

“पुढे ते जहाज भंगारात निघालं. दुसऱ्या जहाजांवर त्यांनी पुष्कळ वर्षं काढली,” बाई म्हणाल्या. “मी झाले तेव्हा त्यांनी तो शब्द मला दिला. त्यांच्याकडे त्याच्याहून चांगलं काही नव्हतं. नाव प्रेमाने ठेवलं, ते मला मान्य आहे.”

मग वडिलांनी सोड्याचं यंत्र आणलं आणि बाटलीवरही लेकीचंच नाव घातलं. ते पुन्हा समुद्रावर गेले. वर्षातले दहा महिने ते बाहेरच असायचे. सोडा गावभर झाला, एसटीच्या टपावरून राजापूर-संगमेश्वरपर्यंत जायला लागला.

“संगमेश्वरला माझी पहिली नेमणूक. पहिल्या दिवशी वर्गात गेले तर फळ्यावर लिहिलेलं, ‘एक कैसर द्या, थंड.’ मोठी मुलं होती, मिशा फुटलेली. मी फळा पुसला आणि शिकवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाजारात गेले की दुकानावर बसलेले पुरुष मला बघून मुद्दाम मोठ्याने मागायचे. राजापूरला बदली घेतली तर तिथेही तेच. एक स्थळ आलं होतं. मुलाचा भाऊ बैठकीत म्हणाला, बाटली उघडून बघितली का? सगळे हसले. अब्बा तेव्हा दूर कुठल्या बंदरात. मीच आतून सांगितलं, नको.”

नसीमने सांदणाची बशी खाली ठेवली होती.

“मग अलोऱ्याला सहा वर्षं होते. कोयनेच्या प्रकल्पाची वसाहत. देशावरची, विदर्भातली, कुठली कुठली माणसं. तिथे आपला सोडा पोचत नव्हता. तिथे मी नुसती कैसर बाई. सकाळी मुलं हाक मारायची, ‘कैसर बाई’, आणि मी लगेच वळायचे. मग बदली होऊन इथल्या शाळेत आले. इथे मी आधी बघून घेते, हाक मला आहे की दुकानदाराला.”

“मग माझ्या अब्बांना सांगायचं ना,” नसीम म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मला तरी सांगायचं. मी नोकरी सोडली, फुफी. सोमवारी लेबल द्यायचंय. आता मी काय लिहू?”

“ते तू ठरव. कारखाना तुझा. मी तुला अडवणार नाही की कुणाला सांगणार नाही. मी फक्त विचारतेय. जायच्या आधी माझं नाव मला परत मिळेल का?”

नसीम उठून बाहेर गेली. मी तिथे परक्यासारखी बसून राहिले. ज्या नावासाठी मी एवढ्या उत्साहाने आले होते, ते एक बाई साठ वर्षं सोसत होती, आणि मी ते तिच्यासमोर मांडून कौतुकाची वाट बघत होते. मी माफी मागितली. बाई म्हणाल्या, “तुला काय माहीत गो. खा ते, गार होतंय.”

खाताना मी सहज विचारलं, वडील दहा महिने बाहेर, तर सोडा कोण करायचं?

“अम्मी,” त्या म्हणाल्या. “आमीना तिचं नाव. पहाटेपासून चाक तिच्याच हातात. एकदा बाटली फुटली, काच तळव्यात गेली. उजव्या हाताची दोन बोटं मग कधी मिटली नाहीत. तरी चाक तीच फिरवायची, डाव्या हाताने.”

दारात नसीम उभी होती. ती केव्हा परत आली ते आम्हाला कळलं नव्हतं. “अब्बा तर नेहमी म्हणायचे, दादांचा कारखाना,” ती हळू आवाजात म्हणाली. दादा म्हणजे आजोबा, दादी म्हणजे आजी.

“दादांचंच होतं यंत्र. चाक दादीचं.”

त्या दुपारी मी मांडवीच्या जेटीवर एकटीच बसले होते. वाटेत सरबताच्या टपऱ्या आहेत, कोकम सरबत छान मिळतं. पूर्वी मुंबईची बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि माणसं छोट्या पडावांतून ये-जा करायची, असं शेजारी गळ टाकून बसलेल्या आजोबांनी सांगितलं. एरवी मी त्यांच्याकडून जहाजांची नावं काढून घेतली असती. त्या दिवशी विचारलं नाही.

रविवारी सकाळी खानावळीत घावणे खात होते तेव्हा नसीम आली. डोळे सुजलेले होते.

“रात्री ठरवलं होतं, दादीचं नाव घालायचं. आमीना सोडा. सकाळी फुफीला सांगायला गेले. ती म्हणाली, अम्मीला चाललं असतं का ते कोण सांगणार? आणि उद्या कोण दुकानावर म्हणेल, एक आमीना द्या, थंड. मला ऐकवलं नाय ते.”

“मग?”

“मग माणसाचं नावच नको. राजिवडा सोडा. आमी इथे करतो, म्हणून राजिवडा. चालेल?”

“ओळखतील का लोक?”

“पैल्या वर्षी नाय ओळखणार,” ती म्हणाली. “प्याले की ओळखतील. नाय ओळखलं तर मस्कत कुठे गेलंय.” पण हे म्हणताना तिचा हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होता.

आम्ही तिथेच टेबल साफ करून घेतलं. काउंटरवरच्या गृहस्थांनी कागद दिले. दुपारपर्यंत मी ‘राजिवडा’ लिहिलं. बंदरावर ओले हात घेऊन आलेल्या माणसालाही लांबून वाचता यावं असं, ठसठशीत, एकही नखरा न करता. खाली नसीमने सांगितलं म्हणून एक चाक काढलं, आणि त्याच्या मुठीवर एक हात. डावा.

परतीची गाडी तीनची होती. त्याआधी दोघी बाईंकडे गेलो. त्यांनी नवं लेबल बघितलं. चाकावरच्या हातावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी नसीमचं डोकं जवळ घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

मग मला म्हणाल्या, “कालचा कागद फाडलास की आहे?”

“आहे.”

“मला दे. दाराला पाटी नाही माझ्या. एवढी वर्षं लावलीच नाही.”

मी तो कागद त्यांना दिला. चौकट करायला नसीमने त्याच संध्याकाळी टाकला, असं नंतर कळलं.

कोल्हापूरला पोचले तेव्हा घरात आदल्या आठवड्याची तीन कामं पडून होती, त्यातलं एक ‘महाराजा’ पानाच्या दुकानाचं. ते केलं. पदव्यांचं मला अजूनही कुतूहल आहे आणि फोटो काढणंही सुटलेलं नाही. रोमपासून राजिवड्यापर्यंत एक शब्द कसा आला हे मला कळलं, आणि तेवढंच शोधायला मी गेले होते. पण आता पाटीचा फोटो काढला की आत जाते, एक चहा घेते आणि हे नाव कुणाचं आहे का, असं विचारते. बहुतेक वेळा कुणाचंच नसतं. तरी विचारते.

एप्रिलमध्ये नसीमचा फोन आला. माल दुकानांत गेला होता. खप बरा आहे म्हणाली, फार नाही. लेबल बघून लोक आधी नाक मुरडतात, मग बाटली संपवून दुसरी मागतात. त्या दिवशी सकाळी एक म्हातारे खलाशी काठी टेकत पडवीपर्यंत आले होते. त्यांनी विचारलं, “कैसर हाय काय?”

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“मी म्हटलं, हाय ना चाचा. समोरच्या घरात, पाटी लावलीय बघा. वह्या तपासत बसलीय. सोडा हवा तर राजिवडा देते.”